वेळापत्रकाबाहेरचं पाणी

आमच्या प्रभाग समितीच्या बैठकीला माणसं दोनच कारणांनी येत. एक, आपल्याला पाणी आलं नाही. दुसरं, शेजारच्या गल्लीला जास्त आलं. दुसऱ्या कारणासाठी येणारे नेहमी वेळेवर येत. कचरा, दिवे, भटकी कुत्री हेही विषय पत्रिकेवर असायचे, पण त्यांच्यावर बोलणाऱ्याचंसुद्धा अर्धं लक्ष पाण्याच्या विषयाकडे असे.

मी त्या समितीची नागरी सदस्य. नाव प्रमोदिनी इंगवले, पण सदतीस वर्षं हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे अख्ख्या प्रभागाला मी नुसती ‘बाई’. नगरसेवक बाबरही माझेच विद्यार्थी, आणि त्यांनी प्रयोगवहीत काय दिवे लावले होते ते मला अजून आठवत होतं. निवृत्तीनंतर माझ्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, मी समितीत गेले. आमचे हे म्हणाले, “तुला समोर वर्ग हवाच असतो.” मला राग आला होता, कारण ते खरं होतं.

पाणी चौथ्या दिवशी, दोन तास. ते सोडायचं काम महिपती खोत करायचा. छातीइतकी उंच लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून तो पहाटेपासून फिरायचा. चेंबरचं झाकण उचलायचा, चावी व्हॉल्व्हवर बसवायचा आणि फिरवण्याआधी तिच्या वरच्या टोकाला कान लावून क्षणभर थांबायचा. खालच्या नळात पाणी कितपत चढलंय ते त्याला त्या लोखंडातून ऐकू यायचं. अठ्ठावीस वर्षांत त्याचा अंदाज चुकला असं कुणी म्हटलं नाही. मी मात्र म्हणायचे की शहराचं पाणी एका माणसाच्या कानावर चालणं बरं नव्हे. बाबरांच्या सासुरवाडीच्या गल्लीत पाणी पावणेतीन तास चालतं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि पुरावा कुणाकडे नव्हता.

पुरावा आणला भूकर्णानं.

भूकर्ण म्हणजे वेगळं यंत्र असं फारसं काही नव्हतंच. इंटरनेटसाठी रस्त्याखाली काचेच्या तंतूंच्या केबली आधीच टाकलेल्या होत्या, बहुतेक ठिकाणी पाण्याच्या नळाच्याच चरातून. त्यातला एक रिकामा तंतू घ्यायचा आणि त्याच्या टोकाशी लेसरचे ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक खोट राहतेच, आणि त्या प्रत्येक खोटीवरून प्रकाशाचा एक कण मागे परततो. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एक मीटर पुढे जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो. एवढा वेळ मोजता आला की परतलेला कण नेमका कुठून आला ते मीटरभराच्या फरकानं सांगता येतं.

आता त्या जागी जमीन थरथरली, नळातून पाणी धावलं, कुणी पाय आपटला, की काच अगदी नाममात्र ताणली जाते आणि परतणाऱ्या प्रकाशलहरीची चाल बिघडते. तो बिघाड म्हणजेच तिथला आवाज. सगळं शहर अशा रीतीनं एका जागी बसून ऐकता येतं. वाहतं पाणी कसं वाजतं, गळती कशी फुसफुसते, ट्रक कसा घुमतो, हे यंत्र हळूहळू शिकतं. फक्त सुरुवातीला माणसानं त्याला सांगावं लागतं की हा आवाज कशाचा. म्हणजे नोंदीला नाव द्यावं लागतं.

नावं देण्याचं काम प्रभागात माझ्याकडे आलं. पाणीपुरवठ्याचा तरुण उपअभियंता तन्मय शेटे घरी येऊन मला संगणकावरचा भूकर्णाचा पडदा कसा वापरायचा ते दाखवून गेला. वेळापत्रकाबाहेर वाहिलेल्या पाण्याच्या प्रत्येक नोंदीपुढे पाचच पर्याय होते: गळती, दुरुस्ती, चाचणी, आग, चोरी.

चौदा महिने यंत्र नुसतं ऐकत होतं. तेवढ्यात अकरा मोठ्या गळत्या सापडल्या आणि पाणी चौथ्याऐवजी तिसऱ्या दिवशी यायला लागलं. सासुरवाडीची पाऊण तासाची चैनही कागदावर आली आणि बाबरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खोटं कशाला बोलू, ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. पहिल्यांदाच वर्ग माझं ऐकत होता.

त्याच यादीत आमची कासार गल्ली निघाली. आमच्या व्हॉल्व्हवर चारशे घरं. त्यावर चौदा महिन्यांत सतरा वेळा वेळापत्रकाबाहेर पाणी सुटलं होतं. दर वेळी अर्धा तास, दर वेळी वेगळ्या वारी, कधी सकाळी दहाला, कधी भर दुपारी. बाबरांचं एक घर आमच्याच कोपऱ्यावर होतं. मी सतराच्या सतरा नोंदींपुढे ‘चोरी’ लिहिलं आणि सुनावणी मागितली.

प्रभाग कार्यालयाच्या सभागृहात त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. तन्मयनं भिंतीवर आलेख दाखवला. महिपती टोपी हातात घेऊन उभा होता. त्याला कुणी बसायला सांगितलं नाही, मीही नाही.

“महिपती, ही सतरा वेळा पाणी कुणी सोडलं?” मी विचारलं.

“म्याच की.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“कुनी न्हाई सांगितलं.”

“मग कुणासाठी सोडलं?”

तो खाली बघायला लागला. मी वाट पाहिली. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाची वाट पाहायची मला सवय होती.

“ते सांगायचं नसतंय, बाई.”

“लपवण्यासारखं नसेल तर सांगायला काय हरकत आहे?”

“लपवायचं बी न्हाई. फकस्त सांगायचं नसतंय.”

मी सभागृहाकडे वळले. “इथं कासार गल्लीतले पन्नास जण तरी बसलेत. कुणाला काही माहीत आहे?” एकही मान वर झाली नाही. बाबरांनीसुद्धा खाली बघितलं. मला वाटलं, लोक बाबरांना घाबरतात आणि महिपती त्यांना पाठीशी घालतोय. एवढं सरळ उत्तर समोर असताना दुसरं शोधायची मला गरज वाटली नाही.

ठराव मीच लिहून आणला होता. चावीचे व्हॉल्व्ह काढून मोटारीचे बसवायचे, वेळापत्रक यंत्रात कुलूपबंद करायचं. ‘वेळापत्रकाबाहेर कुणालाही, कुठल्याही कारणानं पाणी सोडता येणार नाही.’ तन्मयनं सुचवलं की ‘कुठल्याही’ हा शब्द काढूया, उगाच अडचण होते. मी म्हटलं, तोच शब्द तर हवा. अपवाद एकच ठेवला, आगीचा. आग लागली तर व्हॉल्व्ह उघडण्याचा संकेत दोघांच्या मोबाइलवर, तन्मयच्या आणि माझ्या. ठरावावर हात वर करताना लोक रेंगाळले. मी एकेकाकडे बघितलं तसे हात वर झाले. महिपती कंत्राटी होता, त्यामुळे त्याला काढायला वेगळा कागदही लागला नाही.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, “त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं असतंस तर?”

“सुनावणी सगळ्यांसमोरच व्हायला हवी.”

“कुणी सोडलं हे विचारलंस. कधी सोडलं ते नीट बघितलंस का?”

“तारखा, वेळा सगळं आलेखात आहे. सेकंदापर्यंत.”

“मग बघ की एकदा,” म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. मी बघितलं नाही. आमच्या संसारात शेवटचा शब्द माझा असायचा आणि ते तो मला घेऊ द्यायचे. त्या दिवशी त्यांनी घेतला असता तर किती बरं झालं असतं.

पुढच्या एप्रिलात हे गेले. सकाळी चहाचा कप हातात होता, छातीवर हात ठेवला आणि कप खाली ठेवायचाही राहिला. डॉक्टर आले तेव्हा सगळं संपलं होतं. नातलग जमले, गल्ली जमली. अकराच्या सुमारास त्यांना नेलं. सत्तर-ऐंशी माणसं बरोबर गेली. मी खिडकीशी बसून राहिले. माझ्याशी कोण काय बोललं त्यातलं काही आठवत नाही.

आठवतं ते दीडनंतरचं. माणसं स्मशानातून परत आली. ऊन चटचटत होतं. प्रत्येकजण आपापल्या दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. मयताहून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय कोणी आत जात नाही, हे मला माहीत होतंच. बायकांनी आतून बादल्या आणून बाहेरच्या नळांखाली ठेवल्या. पाण्याचा दिवस परवाचा होता. तरीही अख्ख्या गल्लीत दोन्ही बाजूंना बादल्या, आणि प्रत्येक नळ पूर्ण उघडलेला. समोरच्या नरसूअण्णांनी नळ फिरवला, बघितलं, पुन्हा फिरवला आणि मग नळाशेजारी पायरीवर बसून राहिले.

“आज पाणी नाही,” मी माझ्या जाऊबाईंना म्हटलं. “हे लोक बादल्या लावून का बसलेत?”

जाऊबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सवय हाय त्यांना.”

आणि मग मला माझी सासू आठवली. तेरा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, ती गेली त्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्या नळाला पाणी आलं होतं. मोरीत धो धो आवाज ऐकून मी याच जाऊबाईंना म्हटलं होतं, “आज चुकून सोडलं वाटतं.” त्या तेव्हाही अशाच बघत राहिल्या होत्या. पुढं मी समितीला लिहिलेल्या पहिल्या तक्रारीत ते उदाहरण दिलं होतं: भर दुपारी, पूर्वसूचना न देता पाणी सोडलं जातं, यावरून कारभाराची बेशिस्त दिसते. ते पत्र टाइप करून ह्यांच्याकडे वाचायला दिलं होतं. ह्यांनी वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

माझा मोबाइल मांडीवर होता आणि त्यात संकेत होता. एक बोट लावलं असतं तर बादल्या भरल्या असत्या. पण आग लागलेली नव्हती. नियम मी लिहिला होता, ‘कुठल्याही’ हा शब्द मी घातला होता. स्वतःच्या घरासाठी तो मोडला तर बाबरांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला, असा विचार मी करत होते. नवरा जळत असताना मी हा विचार करत होते. मी बोट लावलं नाही.

त्याच वेळी महिपती दिसला. तोही ह्यांना पोचवायला गेला होता. कोपऱ्यावरच्या चेंबरपाशी तो गेला, सायकलला बांधलेली जुनी चावी सोडली, झाकणावर टेकवली आणि वरच्या टोकाला कान लावून उभा राहिला. मग आमच्या दाराशी आला.

“पानी हाय, बाई,” तो म्हणाला. “कोपऱ्यापातूर भरून उभं हाय.”

एवढं बोलल्यावर आपण बोलायला नको होतं असं त्याला वाटलं असावं. तो मागं फिरला आणि गेला. लोकांनी शेवटी घरातल्या प्यायच्या पाण्यातून एकेक तांब्या घेतला, पायांवर ओतला आणि आत गेले. मोकळ्या बादल्या उचलताना त्यांचा आवाज झाला, तेवढाच.

तेरावं झाल्यावर मी भूकर्णाचा पडदा उघडला. प्रभाग कार्यालयातून मृत्यूनोंदींची वही मागवली होती. सतरा तारखा, सतरा माणसं. एकही चुकली नाही. कासार गल्ली, मागची आळी, तालमीचा कोपरा. एक तर अडीच वर्षांची मुलगी होती.

आणि एवढंच नव्हतं. प्रत्येक नोंदीच्या आधीचे दोन-तीन तास मी उलगडून बघितले. तिथं पावलं होती. पुष्कळ पावलं, एका लयीत, हळू, गल्लीतून बाहेर जाणारी. मग मोकळा वेळ. मग चेंबरपाशी एकट्या माणसाची पावलं, लोखंडाचा आवाज, थोडी शांतता आणि पाणी. त्यानंतर ती पुष्कळ पावलं परत येत, आता विस्कळीत, दमलेली. यंत्रानं सगळं ऐकून ठेवलं होतं. मी फक्त पाण्याचा पट्टा बघितला आणि पावलांचा पट्टा ‘वाहतूक’ म्हणून बंद करून ठेवला होता.

ह्यांचा दिवसही होता त्यात. अकराला गेलेली पावलं, दीडला आलेली पावलं. पुढे यंत्राचा शेरा: विसंगती नाही.

मी त्या सतरा नोंदींचं नाव बदलायला गेले. गळती, दुरुस्ती, चाचणी, आग, चोरी. सहावा पर्याय नव्हता.

महिपती आता एका मंगल कार्यालयात पहारेकरी होता. मी दुपारी त्याच्या घरी गेले. मागच्या आळीत दोन खोल्या. त्याची आई अक्काताई, नव्वदीच्या पुढची, पलंगावर पडून होती.

“महिपती, माझं चुकलं,” मी म्हटलं.

“चा घेनार न्हवं, बाई?”

त्यानं स्वतः चहा केला. मोटारीच्या व्हॉल्व्हचे वायसर लवकर जातात, उन्हाळ्याआधी बदलायला सांगा, असं म्हणाला. मी परत एकदा मूळ विषयावर यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यानं आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“म्हातारीचं आता काय खरं न्हाई,” तो म्हणाला. मी चहा संपवून उठले.

पुढच्या बैठकीत मी दुरुस्ती मांडली. तन्मय भला मुलगा आहे, त्यानं मनापासून मसुदा केला: ‘अंत्यविधीपश्चात विशेष पाणीपुरवठा’. मृताच्या वारसानं अर्ज करायचा, दाखला जोडायचा, तीन कामकाजाच्या दिवसांत मंजुरी. मी विचारलं, माणसं स्मशानातून तीन दिवसांनी परत येतात का? तो ओशाळला. म्हणाला, “बाई, यंत्राला काहीतरी कारण द्यावं लागतं. नोंद नसली तर उद्या कुणीही सोडेल.” हे तर मीच त्याला शिकवलेलं होतं. ठराव मंजूर झाला. पुढच्या कित्येक महिन्यांत अर्ज एकही आला नाही. घरात माणूस गेलेलं असताना कोण अर्ज लिहीत बसेल? महिपतीकडे तरी कुणी कधी मागितलं होतं? तो ऐकायचा आणि सोडायचा, लोक भरायचे आणि गप्प राहायचे. दुःखाच्या पाण्याला कुणी धन्यवाद म्हणत नाही, म्हणून त्याचं नावही कुणी घेत नव्हतं. चाळीस वर्षं त्या गल्लीत राहून ही एवढी गोष्ट मला कळली नव्हती.

फेब्रुवारीत अक्काताई गेली. मी खिडकीतून बघितलं. महिपती पुढे मडकं धरून, मागे माणसं. साडेदहा वाजले होते. स्मशान चालत पंचवीस मिनिटांवर, सगळं आटपून परतायला दोन तास. मी घड्याळ समोर ठेवून बसले. मला त्याच्यासारखा कान नव्हता, म्हणून मी पडद्यावर पावलांचा पट्टा उघडला. साडेबाराला ती विस्कळीत पावलं नदीच्या रस्त्यावरून वळली. मी मोबाइल घेतला, संकेत टाकला आणि कारणापुढे ‘आग’ निवडलं.

क्षणभर काही झालं नाही. मग मोरीतला नळ खोकला आणि वाहायला लागला. गल्लीत एकामागून एक नळ वाजायला लागले. बायका धावत बादल्या घेऊन आल्या. कुणी माझ्या खिडकीकडे बघितलं नाही. मीही आत सरकले. अर्ध्या तासानं बंद केलं आणि मग खूप रडले, ह्यांच्यासाठी. दहा महिने उशिरा.

सुनावणी त्याच सभागृहात झाली. या वेळी उभी मी होते. तन्मय खाली मान घालून कागद वाचत होता.

“बाई, कासार गल्लीत सतरा तारखेला आगीचा संकेत दिला गेला. अग्निशमन दलाकडे नोंद नाही. आग कुठं लागली होती?”

“कुठंच नाही.”

“मग पाणी कुणासाठी सोडलं?”

तिसऱ्या रांगेत महिपती बसला होता. मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी होती. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

“सोडलं मी,” मी म्हटलं. “कुणासाठी ते सांगायचं नसतं.”

सभागृहात सगळ्यांनी खाली बघितलं. आता मला त्या माना वाचता येत होत्या, पण त्याचा कुणाला उपयोग नव्हता. माझं सदस्यत्व रद्द झालं. संकेत काढून घेतला. ठराव माझाच होता, शब्दही माझेच, आणि तन्मयनं तो योग्य रीतीनं लागू केला. त्याला मी दोष देत नाही. पुढच्या महिन्यात नरसूअण्णा गेले तेव्हा नळ कोरडेच राहिले.

त्या दिवशी सुनावणी संपल्यावर मी दारात चपला घालत होते. महिपती बाहेर आला. आम्ही दोघं हातभर अंतरावर होतो. तो थांबला, मला वाटलं काही म्हणेल. मग त्यानं टोपी नीट केली आणि माझ्या शेजारून सायकलकडे निघून गेला. दांडीला चावी अजून बांधलेली होती.

त्या पाण्याबद्दल काही बोलायचं नसतं, हे मला आता माहीत आहे. तो रीतीप्रमाणे गप्प राहिला की त्याला माझ्याशी बोलायचंच नव्हतं, हे मात्र मला माहीत नाही, आणि त्याला ते विचारता येत नाही.